बेताच्या यंत्राची बखर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एका प्रश्नाने ठाण मांडले. गावाकडून आमची आजी दिल्लीस, आमच्या सरकारी क्वार्टरात राहावयास आली. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी मंद. परंतु जात्यावरच्या ओव्या अद्याप मुखोद्गत. त्या ओव्या घरच्या घरी नीट मुद्रित करून ठेवाव्यात, मागाहून त्यांच्याखाली सौभाग्यवतींचा तानपुरा आणि धाकट्या बंधूंची पेटी भरावी, असा बेत ठरला. मोबाइलवर ओव्या भरून पाहिल्या; पण आजीपेक्षा छताचा पंखाच अधिक गात होता. शिवाय एकावर एक आवाज रचावयाचे, निवडावयाचे, स्वच्छ करावयाचे, तर त्या कामास मेजावरचा संगणक सोयीचा. म्हणून नेहरू प्लेसच्या बाजारात गेलो. दुकानदाराने काचेच्या पेटीतले, लाल-निळ्या दिव्यांनी झगमगणारे एक यंत्र पुढे केले. किंमत आमच्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक. ‘इससे कम में म्यूज़िक नहीं होगा, साहब,’ असा निर्वाळाही दिला.

आम्ही पडलो केंद्र सरकारचे कारकून. कोणत्याही प्रकरणावर टिपणी लिहिण्यापूर्वी मागील कागद पाहावेत, हा आमचा धर्म. तेव्हा खरेदीचा विचार बाजूस ठेवून आम्ही या प्रकरणाचे मागील कागद पाहू लागलो. घरात बसून गाणे भरण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती आली ती कोणत्या यंत्रांमुळे? त्यातली बलाढ्य किती होती आणि बेताची किती?

आरंभीच्या काळात हा प्रश्नच उद्भवत नव्हता. एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला तो १८७७ साली. पुढे ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि १९०२ च्या नोव्हेंबरात हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडून त्यांनी गौहरजानचे गाणे मुद्रित केले. मेणावर उमटलेले ते ठसे जर्मनीतील हॅनोव्हरला रवाना झाले आणि तेथे त्यांच्या तबकड्या बनल्या. यंत्र कंपनीचे, वेळही कंपनीची. तासभर रंगणारा राग सुमारे तीन मिनिटांत उरकणे भाग होते. कोणाचा आवाज टिकावा हे कंपनी ठरवी किंवा गवयाची मर्जी ठरवी. घरच्या मंडळींच्या हाती काहीच नव्हते. भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. त्यांच्या शिष्यांत मास्तर कृष्णराव होते, बालगंधर्व होते. परंतु स्वतः बुवांच्या गाण्याची एकही तबकडी आज आपल्या हाती नाही. एवढा मोठा गवई, आणि उरल्या त्या केवळ आठवणी. आमच्या आजीची गणना गवयांत नाही. तथापि आवाज नाहीसा होण्याचा नियम थोर आणि लहान असा भेद करीत नाही.

ध्वनिमुद्रण खऱ्या अर्थाने घरात आले ते चुंबकीय फितीच्या मागोमाग. जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ साली ‘पोर्टास्टुडिओ १४४’ नावाची एक पेटी बाजारात आणली. साधी कॅसेट, पण तिच्यावर चार पट्ट्या. पहिलीवर गळा भरावा, दुसरीवर वाद्य, मग दोन्ही ऐकत ऐकत तिसरी भरावी. मोठ्या स्टुडिओतील फितींच्या मानाने हिचा आवाज खरखरीत होता. परंतु १९८२ च्या जानेवारीत अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाने आपल्या राहत्या घरी या पेटीवर दोन मायक्रोफोन लावून काही गाणी भरली. उद्देश एवढाच की, वादक मंडळींना चाली कळाव्यात. पुढे स्टुडिओत सर्व साहित्यानिशी तीच गाणी पुन्हा वाजविली. परंतु घरच्या कॅसेटमधले काहीतरी तेथे हरवले. अखेर ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. बेताच्या यंत्राच्या बखरीतील हा पहिला विजय होय.

संगणकाचा प्रवेश निराळ्या दाराने झाला. १९५७ साली बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएमच्या अवाढव्य यंत्राकडून स्वर निर्माण करविले; पण ते यंत्र घरात नेण्याची कल्पनाही कोणास शक्य नव्हती. खरी वाट मोकळी झाली १९८३ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडली गेली आणि एकाची पट्टी दाबताच दुसरे वाजू लागले. या संकेतपद्धतीस ‘मिडी’ म्हणतात. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख प्रवर्तक. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या कंपन्यांनी एकच तार मान्य केली, आणि तीही सर्वांस खुली ठेवली, ही गोष्ट व्यापाराच्या इतिहासात सुलभ नव्हे. आता या तारेच्या दुसऱ्या टोकास संगणक बसवावयाचा, एवढेच राहिले.

ती जागा कोणी पटकावली? १९८६ साली ॲपलच्या एक मेगाबाइट स्मृतीच्या मॅकिंटॉश प्लसची किंमत २,५९९ डॉलर होती. त्याच वर्षी अटारी कंपनीने तेवढ्याच स्मृतीचे ‘१०४० एसटी’ हे यंत्र पडद्यासह ९९९ डॉलरांस विकावयास काढले. अटारीची ख्याती खेळांची. जाणत्यांनी नाके मुरडली असतील तर नवल नाही. परंतु या यंत्रात मिडीची खोबण अंगचीच होती. इतरांना ती वेगळ्या पैशांनी जोडावी लागे. त्याचा कृष्णधवल पडदा सुस्पष्ट होता, तालास ते पक्के होते आणि त्यात पंखा नसल्यामुळे ते मुके होते. १९८९ साली हँबुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने याच यंत्रासाठी ‘क्युबेस’ ही प्रणाली सिद्ध केली. युरोपातील कित्येक संगीतकारांच्या खोल्यांत पुढील अनेक वर्षे अटारीच ठाण मांडून होता, तो या गुणांवर. शक्तीच्या शर्यतीत तो पहिला नव्हता; जे काम समोर होते त्याला जे हवे ते मात्र त्याच्यापाशी होते.

त्याची एक मर्यादा होती, आणि आमच्या प्रकरणात तीच महत्त्वाची आहे. अटारी वाद्यांना हुकूम सोडी: अमुक पट्टी दाब, अमुक क्षणी सोड. गळ्याचा आवाज साठविणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. हिशेब सोपा आहे. कॉम्पॅक्ट डिस्कच्या पद्धतीने आवाज टिपावयाचा तर सेकंदास ४४,१०० वेळा, दोन बाजूंनी, दर वेळी दोन बाइट, म्हणजे सेकंदास १,७६,४०० बाइट लागतात. एक मेगाबाइटची सबंध स्मृती सहा सेकंदांच्या आतच भरून जाते. ओवीची पहिली ओळही पुरी होऊ नये!

म्हणून गळा संगणकात शिरला तो श्रीमंतांच्या दारातून. १९९१ साली अमेरिकेच्या डिजिडिझाइन कंपनीने ‘प्रो टूल्स’ ही योजना आणली. तिच्यात चार पट्ट्या होत्या, वेगळी कार्डे होती आणि किंमत सुमारे ६,००० डॉलर होती. मॅकिंटॉशचा खर्च निराळाच. परंतु पाचच वर्षांनी, १९९६ साली, ‘क्युबेस व्हीएसटी’ने अनेक पट्ट्यांचे आवाज मिसळण्याचे आणि सजविण्याचे काम वेगळ्या कार्डांवाचून संगणकाच्याच प्रोसेसरकडून करवून घेतले. १९९७ साली ‘एसिओ’ ही पद्धत आली. तिच्यामुळे आवाज आत जाऊन बाहेर येण्यास लागणारा विलंब कमी झाला. २००० साली ‘ऑडॅसिटी’ ही प्रणाली तर विनामूल्य मिळू लागली. या तीन पावलांनी मक्तेदारी मोडली. नव्या शतकाच्या आरंभी पत्रव्यवहाराचा हिशेब ठेवणारा कचेरीतला साधा संगणकही गाणे भरू शकेल, अशी स्थिती प्राप्त झाली.

येथवर कागद पाहून झाल्यावर आम्ही दुकानदाराच्या निर्वाळ्याकडे वळलो आणि तुलनात्मक तक्ता मांडला. गळ्याची एक पट्टी, सेकंदास ४८,००० नमुने, दर नमुन्यास तीन बाइट: तासाभरास सुमारे ५१८ मेगाबाइट होतात. आठ पट्ट्या धरल्या तरी तासास चार-सव्वाचार गीगाबाइट. पाचशे गीगाबाइटच्या साध्या एसएसडीत आजीचे सारे भांडार मावून जागा उरेल. विलंबाचे म्हणाल तर २५६ नमुन्यांचा एक घास म्हणजे सुमारे सव्वापाच मिलिसेकंद. इतक्या वेळात हवेतील आवाज पावणेदोन मीटरांच्या आसपास जातो. पेटीवालाही गायकापासून काही अंतरावर बसतोच की! जाता-येता मिळून हा विलंब वाढतो खरा, पण मध्यम प्रतीच्या प्रोसेसरास तो आवरता येतो. स्मृती आठ गीगाबाइट असली तर आमचे काम भागते, सोळा असली तर वाद्यांच्या प्रणालींसही हात मोकळा राहतो. खेळांसाठी लागणारे महागडे ग्राफिक्स कार्ड या कामास निरुपयोगी. उलट त्याचे पंखे गाण्यात लुडबूड करणार. त्या दोन महिन्यांच्या पगारातला मोठा भाग या कार्डाचाच होता.

शेवटी आम्ही एका कचेरीतून निवृत्त झालेला, नूतनीकरण केलेला लहान चणीचा संगणक घेतला. येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या प्रोसेसरांस स्वीकारीत नाही. तेव्हा जुने यंत्र घेताना एवढे विचारून घ्यावे. अथवा लिनक्स घालून ‘आर्डोर’सारख्या प्रणालीवर काम करण्याची तयारी ठेवावी. उरलेल्या पैशांत दोन मायक्रोफोनांची खोबण असलेला एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि एक बरा मायक्रोफोन आला. संगणक मेजाखाली, मायक्रोफोनपासून दूर ठेवला. भिंतीवर आजीचीच गोधडी टांगली; खोलीचा घुमारा तिने शोषून घेतला.

मुद्रणाच्या संध्याकाळी पंखा बंद केला, कुकर खाली उतरविला. सर्व सिद्धता झाली आणि आजीला ओवीच सुचेना. म्हणाली, “अरे, जातं नाही रे हाताशी. जातं फिरल्याशिवाय ओवी कशी यायची?” याचे उत्तर कोणत्याही संगणकाच्या विक्रेत्यापाशी नव्हते. अखेर सौभाग्यवतींनी तिच्यापुढे पोळपाट ठेवला. आजीने त्यावर तळहात ठेवून तो गोल फिरविण्यास आरंभ केला, आणि दोन-चार फेऱ्यांनंतर पहिली ओवी आली. बांगड्यांचा नादही सोबत मुद्रित झाला. बंधू तो काढून टाकू म्हणाले. आम्ही काढू दिला नाही.

त्या संध्याकाळी सत्तावीस ओव्या मिळाल्या. आजीच्या म्हणण्याप्रमाणे तिला पूर्वी याच्या कितीतरी पट येत होत्या. त्या उरलेल्या कोठे गेल्या, याचा कागद कोणत्याही फाइलीत मिळणार नाही. मोठे यंत्र परवडेल तेव्हा पाहू, असे म्हणत आम्ही मागील तीन वर्षे घालविली होती. ज्यांच्या घरी असा कोणी वृद्ध गळा असेल त्यांनी यंत्र बेताचेच घ्यावे, परंतु लवकर घ्यावे, एवढीच या प्रकरणावरील आमची टिपणी आहे.