मेरीलँडची अर्थव्यवस्था व वाहतूक

मेरीलँड हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील राज्य असून चेसापीक उपसागरामुळे त्याचे दोन भाग पडले आहेत. १९५२ साली उपसागरावर पूल झाल्यावर हे दोन्ही किनारे रस्त्याने थेट जोडले गेले. येथील निळे खेकडे व कालवे प्रसिद्ध असले, तरी आज रोजगाराचा मोठा आधार राजधानी वॉशिंग्टनच्या सान्निध्यामुळे लाभलेली केंद्र सरकारची कार्यालये आणि संशोधनसंस्था यांचा आहे.

बाल्टिमोर हे राज्यातील प्रमुख बंदर होय. समुद्रापासून बरेच आत असल्याने देशाच्या अंतर्भागाशी व्यापार करणे त्यास सोयीचे ठरले. १८२७ साली स्थापन झालेली बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे ही याच गरजेतून निघाली. मोटारगाड्या, शेती व बांधकामाची अवजड यंत्रे आणि कोळसा यांची येथे मोठी चढउतार होते.

२६ मार्च २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर वीजपुरवठा खंडित झालेले 'डाली' हे मालवाहू जहाज आदळून बंदराच्या तोंडावरील फ्रान्सिस स्कॉट की पूल (१९७७) कोसळला. जहाजावरील बहुतेक खलाशी भारतीय होते, ते बचावले. पुलावर खड्डे बुजवणारे सहा कामगार मात्र मृत्युमुखी पडले. ते सर्व लॅटिन अमेरिकेतून पोटासाठी आलेले स्थलांतरित होते. जलमार्ग जून महिन्यात पूर्ववत झाला, रस्त्याचे तसे नाही. बंदराखालील बोगद्यांतून ज्वालाग्राही माल नेण्यास मनाई असल्याने अशा मालमोटारींना शहराला लांबचा वळसा घालावा लागतो.