जुडीपासून नोटिशीपर्यंत : कराच्या लढाईत आपला माणूस कुठे आहे?



प्राप्तिकर खात्याची नोटीस आली की आपल्या वस्त्यांमध्ये बहुधा दोनच गोष्टी घडतात. एक तर माणूस घाबरून कुणाच्याही पाया पडतो, नाहीतर नोटीस कपाटात ठेवून विसरून जातो. "कर हा शेठजींचा प्रश्न, आपला नाही," असे आपले शिकलेले कार्यकर्तेही म्हणतात. आपला इतिहास मात्र याच्या नेमका उलट आहे.

मुंबई इलाख्यातील महार वतन आठवा. 1874 च्या वतन कायद्याने महारांवर गावकीचे आणि सरकारी काम लादले होते. मोबदल्यात जमिनीचा तुकडा आणि गावाकडून मिळणारे बलुते. या जमिनीवर पूर्ण सारा न घेता सरकार कमी सारा घेई, त्याला जुडी म्हणत. वरून ही सवलत दिसते. पण त्या सवलतीच्या बदल्यात अख्खे कुटुंब रात्रंदिवस राबत होते. करातली सूट हीच गुलामीची दोरी होती.

बाबासाहेबांनी ही दोरी ओळखली. कोलंबियात 1915 साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्थकारणावर प्रबंध लिहिला होता, 1925 साली प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. कर कोण घेतो, कुणाकडून घेतो आणि कुणासाठी खर्च करतो, हे त्यांना कागदासकट माहीत होते. म्हणून 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यातली एक मुख्य मागणी अशी, की पूर्ण सारा भरण्याची तयारी असलेल्या वतनदाराला जमीन रयतेसारखी द्या आणि त्याला कामातून मोकळे करा. म्हणजे पूर्ण कर भरतो, पण वेठ करणार नाही! विधेयकाची मोडतोड झाल्यावर 1929 साली त्यांनी ते मागे घेतले, मागणी सोडली नाही.

पुढे सरकारने उलटाच डाव टाकला. कामातून सुटका न देता जुडीच वाढवली. डिसेंबर 1939 मध्ये हरेगावच्या वतनदार परिषदेत बाबासाहेबांनी त्याला विरोध केला, 1941 साली सिन्नरलाही हाच प्रश्न गाजला. या साऱ्यात कर बुडवण्याची भाषा नव्हती. प्रश्न एकच होता, कोणत्या हक्काने हा कर घेता? पुढे संविधानाच्या कलम 265 ने हेच तत्त्व साऱ्या देशासाठी लिहून ठेवले, की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही.

आता दुसरी बाजू. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. जमीन परत मिळण्यासाठी ठरलेली रक्कम मुदतीत भरायची होती. न भरणारा स्वतःच्याच जमिनीवर अनधिकृत ठरून बाहेर काढला जाऊ शकत होता. लढा जिंकूनही मुदत चुकली, चलन भरले नाही, तर जमीन धोक्यात! अशा वेळी गावात कागद वाचून दाखवणारा आपला माणूस असणे किती मोलाचे होते, याचा विचार करा.

सल्ला देणाऱ्याचीही जात पाहिली गेली आहे. विलायतेहून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहाराचा सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले. जगातल्या नामवंत विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाचा सल्लाही यांना विटाळला!

आज नागपूरचे चित्र बघा. दीक्षाभूमीवरच्या धम्मक्रांतीनंतर पुढच्याच वर्षी, 1957 साली, प्राप्तिकर अधिकाऱ्यांना घडवणारी संस्था याच शहरात उभी राहिली. ती आज राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी म्हणून ओळखली जाते. प्राप्तिकर अपीलीय न्यायाधिकरणाचे खंडपीठ इथे आहे, उच्च न्यायालयाचे खंडपीठही इथेच आहे. सगळी दारे आपल्या शहरात असताना आपण उंबऱ्याबाहेर का?

काही साथी म्हणतील, सल्लागार लुबाडतात. काही लुबाडतातही. म्हणून फीची पावती घ्या, दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घ्या, पोर्टलचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवा आणि नोंदवलेला मोबाईल व ईमेल आपलाच असू द्या. पण तज्ज्ञाकडे जाणे टाळू नका. आकारणीविरुद्ध पहिल्या अपिलाला साधारण 30 दिवसांची मुदत असते, ती आपल्या भीतीसाठी थांबत नाही. कायद्याने तुमच्या वतीने वकील, चार्टर्ड अकाउंटंट, इतकेच काय नातेवाईकही उभा राहू शकतो. विहार, वाचनालय, वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टांनी तर हिशेब आणि नोंदणीचे कागद दरवर्षी तपासून घ्यावेत. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब चोख ठेवणे हेसुद्धा चळवळीचेच काम आहे.

आणि तरुणांनो, केवळ स्पर्धा परीक्षांच्या रांगेतच उभे राहू नका. कॉमर्स घ्या, सीए व्हा, करविषयक वकिली करा. आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात टेबल मांडून वस्तीतल्या लोकांच्या नोटिसा वाचून द्या. बाबासाहेबांनी सरकारचे वहीखाते वाचले आणि मगच सरकारला जाब विचारला. आपल्याला निदान आपल्या घरी आलेली नोटीस तरी वाचता आली पाहिजे.

जय भीम! जय संविधान!