घराण्याचा आजार आणि फोनवरचा आधार



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपली. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, बाया घरी गेल्या. एक ताई मात्र मागे थांबल्या. म्हणाल्या, "माझ्या सासूचे हातपाय आपोआप हलायचे. आता नणंदेचे हलतात. शहरातल्या डॉक्टरांनी हंटिंग्टन असं काहीतरी नाव सांगितलं. म्हणाले, घराण्यात चालत येतो. मग आमच्या मालकांना होईल का? पोरीला स्थळं यायला लागलीत. तिला सांगू, का गप्प बसू?"

आम्ही दोघी सहयोगिनी तिथं होतो. कर्ज, व्याज, परतफेड यांतलं काहीही विचारा, आम्ही सांगू. पण या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. "माहिती काढून येतो," एवढंच म्हणालो. ती माहिती काढताना एक इतिहास हाती लागला. तो आज त्या ताईंच्या परवानगीने, गाव-नाव न घेता, तुम्हाला सांगतो.

गोष्ट अमेरिकेतली आहे. जॉर्ज हंटिंग्टन नावाचा एक मुलगा होता. त्याचे वडील डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. एकदा वडिलांबरोबर गाडीतून जाताना त्याला रस्त्यात दोन बायका दिसल्या, एक आई आणि एक मुलगी. दोघी उंच, वाळलेल्या. दोघींचं अंग वाकडंतिकडं हलत होतं, चेहरे वेडेवाकडे होत होते. मुलगा घाबरला, पण ते दृश्य विसरला नाही. पुढे तोही डॉक्टर झाला आणि १८७२ साली, अवघ्या २२व्या वर्षी, त्याने या आजारावर लेख लिहिला. वडील-आजोबांनी त्याच घराण्यांतल्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या, म्हणून त्याला तीन पिढ्यांचा आजार एकत्र दिसला. आजाराला त्याचंच नाव पडलं.

हा आजार बहुतेकांना तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. हातपाय आपोआप हलतात, तोल जातो, बोलणं अडखळतं, गिळायला त्रास होतो. स्वभाव बदलतो, राग येतो, मन खचतं. हालचाल कमी करायला औषधं आहेत, पण आजार मुळापासून बरा करणारा इलाज अजून नाही.

तो चालत कसा येतो, हे नीट समजून घेऊ. आपल्या शरीराची घडण ठरवणारी जनुकं जोडीने असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या आजारात जोडीतलं एक बिघडलेलं असलं तरी पुरतं. म्हणून आईला किंवा वडिलांना आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवावं तसं. थोरल्याला झाला म्हणून धाकटा सुटला, असं नसतं. प्रत्येकासाठी नाणं नव्याने उडतं. मुलगा-मुलगी असा भेद नाही आणि 'आईच्या पोटचा दोष' असंही नाही. बापाकडूनही तो तितकाच येतो. आणि ज्याला ते बिघडलेलं जनुक मिळालं नाही, त्याच्या मुलाबाळांना त्याच्याकडून ते जात नाही. तिथं धागा तुटतो.

पण लोक काय म्हणायचे? कुणी म्हणे दारू प्यायलाय, कुणी म्हणे वेड लागलंय. १९३२ साली तर एका डॉक्टरने लिहिलं की जुन्या काळी चेटकीण ठरवलेल्या बायका याच घराण्यांतल्या होत्या. पुढच्या अभ्यासात ते खोटं ठरलं, पण तोवर पुष्कळ पुस्तकांत छापून गेलं होतं. मैत्रिणींनो, करणी, भानामती, अंगात येणं हे शब्द आपल्याला काही नवे नाहीत. आजार कळला नाही की बाईवर ठपका येतो, हे तिकडेही झालं.

वुडी गथ्री हे अमेरिकेतले मोठे लोकगायक. त्यांच्या आईला हा आजार होता. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं आणि १९३० साली ती वारली. पुढे वुडींचा तोल जायला लागला, तेव्हा लोक त्यांना दारुडा समजले. खरं निदान झालं १९५२ साली. त्यांची दुसरी बायको मार्जोरी नृत्यांगना होती. दोघांचा घटस्फोट झाला, तरी तिने त्यांना सोडलं नाही. बोलणं बंद झाल्यावर 'हो' आणि 'नाही' अशी दोन कार्डं केली आणि त्यांवर त्यांचं म्हणणं समजून घेतलं. १९६७ साली वुडी गेले. पहिल्या लग्नाच्या त्यांच्या दोन मुलीही पुढे याच आजारात चाळिशीच्या सुमारास गेल्या.

मार्जोरीची स्वतःची मुलंही त्या निम्म्या शक्यतेत होती. ती रडत बसली नाही. त्याच १९६७ साली तिने मोजक्या कुटुंबांना घेऊन एक समिती उभी केली. गावोगाव लपून बसलेली कुटुंबं शोधली, त्यांना एकमेकांशी जोडलं, डॉक्टरांना आणि सरकारला जाब विचारला. १९७६ साली अमेरिकी संसदेने या आजारावर आयोग नेमला, त्याची अध्यक्ष मार्जोरीच झाली. इंग्लंडमध्ये १९७१ साली अशीच संघटना सुरू झाली.

आता फोनचा भाग. १९३५ साली इंग्लंडमध्ये चॅड व्हारा नावाच्या तरुण पाद्र्याला एका कोवळ्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. तिला पहिल्यांदा पाळी आली होती. कुणी काही सांगितलेलं नव्हतं, विचारायला कुणी नव्हतं. घाणेरडा आजार झाला असं समजून तिने जीव दिला. ते मनात ठेवून त्यांनी १९५३ साली लंडनमध्ये फोन सेवा सुरू केली. तिथं एक गोष्ट ध्यानात आली. भेटायला आलेली माणसं बाहेर थांबायची, तिथं साधे स्वयंसेवक त्यांना चहा द्यायचे आणि त्यांचं ऐकायचे. पुष्कळांचं ओझं तेवढ्यानेच हलकं व्हायचं. मग ते काम त्यांनी स्वयंसेवकांकडेच सोपवलं.

हंटिंग्टनच्या संघटनांनीही हाच मार्ग धरला. आज इंग्लंड-वेल्समध्ये त्यांचे खास सल्लागार आहेत, फोन आहे. सल्लागार घरी खायला काय आणि कसं द्यावं ते सांगतात, कारण या रोग्यांचं वजन झपाट्याने घटतं. सरकारी मदतीचे कागद भरायला हात लावतात. मालकाला, शाळेला समजावतात. 'हा माणूस प्यायलेला नाही, आजारी आहे' हे दाखवायला रोग्याकडे कार्ड देतात.

१९८३च्या मार्चमध्ये मार्जोरी वारली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या जनुकाचा ठावठिकाणा लागल्याचं जाहीर झालं. त्यामागे नॅन्सी वेक्सलर ही बाई होती. तिची आई याच आजारात गेली होती. व्हेनेझुएला देशात माराकाइबो सरोवराकाठच्या गरीब वस्त्यांत हा आजार घरोघरी होता. तिथल्या हजारो माणसांनी तपासणीसाठी रक्त दिलं. १९९३ साली प्रत्यक्ष जनुक सापडलं. २०२० साली नॅन्सीने स्वतःलाही हा आजार असल्याचं सांगितलं.

जनुक सापडल्यावर आजार दिसण्याआधीच रक्त तपासून कळायला लागलं. मग फोनवर नवा प्रश्न आला, "मी तपासून घेऊ का?" चांगला सल्लागार याला 'घ्या' म्हणत नाही, 'घेऊ नका' असंही म्हणत नाही. १९९४ साली जगभरासाठी नियम ठरले. तपासणी सज्ञान माणसाने स्वतःच्या इच्छेने करायची, आधी नीट सल्ला घ्यायचा आणि कुणी जबरदस्ती करायची नाही. न जाणून घेण्याचाही हक्क आहे. धोका असलेले बहुतेक लोक तपासणी करतच नाहीत.

ही शिदोरी घेऊन आम्ही त्या ताईंकडे परत गेलो. 'पोरीला सांगा' किंवा 'सांगू नका' असं म्हणालो नाही. समजावलं ते एवढंच, की मालकांना ते बिघडलेलं जनुक मिळालं असेल तरच पोरीचा प्रश्न येतो, आणि तपासायचं की नाही हे आधी मालकांनी ठरवायचं. पोरीची तपासणी सासरच्यांनी किंवा स्थळवाल्यांनी मागायची गोष्ट नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयात मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे जाऊन अनुवंशिक आजाराचा सल्ला कुठे मिळेल ते विचारा, आम्ही बरोबर येतो, असं सांगितलं. ताई दीड तास बोलल्या. नणंदेला गावात दारुडी म्हणतात, हे सांगताना रडल्या. पोरीला सांगायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. नणंदेला मात्र त्या पुढच्या बैठकीला घेऊन आल्या. पहिल्यांदा.

आपल्या गटात अशी एखादी बाई असेल, तर तिची गोष्ट चावडीवर नेऊ नका. तिला बसवा, चहा द्या, ऐका. मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस फोन आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर आजच गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.