नव्या जन्माला लागलेली जमीन

मराठी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात ‘नवा जन्म’ हे शब्द सहज येतात. उपासनेत साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस सांगतो की अमुक दिवशी, अमुक वचन कानावर पडले आणि आपले मन पालटले. मंडळी ते मनापासून ऐकते, कारण या श्रद्धेचा पायाच त्या क्षणावर आहे. दमास्कसच्या वाटेवर शौलाला प्रकाश दिसला आणि छळ करणारा शौल प्रेषित पौल झाला, ही त्या साऱ्या साक्षींची मूळ कथा. पण प्रेषितांच्या कृत्यांतला नववा अध्याय सावकाश वाचला तर प्रकाशानंतरची हकीकत जास्त लांब आहे हे ध्यानात येते. शौल आंधळा झाला होता. सोबत्यांनी त्याला हाताला धरून शहरात नेले. तीन दिवस त्याने अन्नपाणी घेतले नाही. मग हनन्या नावाचा शिष्य, शौलाच्या नुसत्या नावाने धास्तावलेला, एका घरी येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला भाऊ म्हणाला, तेव्हा त्याला पुन्हा दिसू लागले. ते घर आणि तो हात नसता तर पौलाचे काय झाले असते? जुन्या औरंगाबाद जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर आणि १९८१मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या जालना जिल्ह्याचा, ख्रिस्ती इतिहास मला या प्रश्नाच्या उजेडात वाचावासा वाटतो. मन क्षणात पालटत असेल, पण या मुलखात नवा जन्म तगला तो पाय टेकायला जमीन आणि भाऊ म्हणणारी माणसे मिळाली तिथेच.

या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा माणूस नारायण शेषाद्री. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या ब्राह्मण तरुणाने १८४३मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय साधारण बारा, हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. मुलगा अज्ञान म्हणून न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. खरा पेच त्यानंतर सुरू झाला. श्रीपतने मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेतले होते, तेव्हा त्याला जातीत परत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावे या बाजूने ठामपणे उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. या प्रकरणात मला एक गोष्ट फार बोलकी वाटते. श्रीपतचा विश्वास काय, येशूबद्दल त्याला काय वाटते, हे जातीने कधी विचारलेच नाही. वाद झाला तो अन्नाचा, पंक्तीचा, कोणत्या घरात झोपला याचा. धर्म बदलणे म्हणजे मुख्यतः घर बदलणे, हे मिशनऱ्यांच्या कितीतरी आधी आपल्या समाजाला पक्के ठाऊक होते. थोरल्या नारायणाने घर बदललेच होते. आता परतीची वाट नव्हती. १८५४मध्ये त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली, तरी विद्वान, इंग्रजी जाणणारा आणि स्वतःच्या नातलगांना मेल्यासारखा असा हा एकटा माणूस होता.

हा माणूस १८६०च्या दशकात निजामाच्या मुलखात जालन्याला आला. तिथे त्याच्याभोवती जमलेले लोक त्याच्यासारखे नव्हते. ते महार आणि मांग होते. पंक्तीतून उठवले जाण्याची भीती त्यांना नव्हती, कारण पंक्तीत त्यांना कोणी बसवलेच नव्हते. त्यांचा धोका निराळ्या जातीचा होता. गावगाड्यात महाराचे घर गावकुसाबाहेर, त्याचे काम ठरलेले, त्याचे पोट बलुत्यावर. मेलेले जनावर ओढणे, वेशीची राखण, सरकारी निरोप घेऊन धावणे ही कामे नाकारली तर खळ्यावरचे धान्य बंद. मांगाने दोरखंड वळायचे, केरसुण्या करायच्या आणि लग्नात हलगी वाजवायची. सणाला देवापुढे वाजवणार नाही, असे नवख्रिस्ती मांगाने म्हटले की तो धर्माचा प्रश्न राहत नसे, त्याच्या चुलीचा होई. शेषाद्रींना हे समजले होते, आणि त्यांच्या पुढच्या कामामागे हीच समज मला दिसते. हैदराबादचे दिवाण सर सालार जंग यांच्याकडून त्यांना जालन्याजवळ सुमारे ८०० एकर जमीन मिळाली आणि तिथे त्यांनी एक अख्खे गाव वसवले. त्याचे नाव बेथेल. शेती, शाळा, प्रार्थनामंदिर आणि राहती घरे यांचे ते गाव होते. तिथल्या माणसाला ‘तू कोणाचा वतनी महार’ असे विचारणारा पाटील नव्हता. घर गावकुसाच्या आत की बाहेर, हा प्रश्नच तिथे मोडीत निघाला. १८७३मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या जागतिक इव्हँजेलिकल परिषदेला शेषाद्री गेले आणि त्यांचे नाव परदेशी वर्तमानपत्रांत झळकले. पण त्यांची खरी कर्तबगारी जालन्याच्या काळ्या मातीतली आहे, असेच मी म्हणेन.

देवापुढे सगळे सारखे हे सांगायला स्कॉटलंडहून मिशन यावे लागले का, असा आक्षेप इथे कोणी घेईल, आणि तो घेण्याला आधार आहे. बेथेलपासून फार लांब नसलेल्या पैठणला सोळाव्या शतकात एकनाथ होऊन गेले. त्यांनी भारुडात महाराच्या तोंडून ब्रह्मज्ञान वदवले. वाळवंटात पोळणारे अस्पृश्याचे पोर त्यांनी कडेवर घेतल्याची कथा आजही घरोघर सांगतात. ती करुणा अस्सल होती यात मला शंका नाही. मात्र चोखामेळ्याचा अंत आठवावा. ज्या भक्ताला विठ्ठलाने जवळ केले असे सारा वारकरी संप्रदाय मानतो, तो १३३८मध्ये मंगळवेढ्याला वेठीच्या कामावर असताना कोसळलेल्या गावकुसाखाली गाडला गेला. त्याचे मन देवापाशी पोचले होते आणि देह वेठीतच राहिला. अंतःकरण पालटले आणि भोवतीची व्यवस्था तशीच राहिली तर काय होते, याचा यापेक्षा मोठा पुरावा मराठी इतिहासात मला दिसत नाही. बेथेलने भक्तीत नवी भर घातली असे मी म्हणत नाही. त्याने वेठीवाचून जगण्याची सोय केली.

दुसरा आक्षेप जास्त कठोर आहे आणि तो आजही ऐकू येतो : ही माणसे पोटासाठी ख्रिस्ती झाली. १८७६ ते १८७८चा दुष्काळ आणि १८९९-१९००चा छप्पन्याचा दुष्काळ या दोन्ही वेळी मराठवाड्यातल्या आणि नगरकडच्या मिशनांनी अन्न दिले, अनाथ मुले सांभाळली आणि त्या काळात बाप्तिस्मे वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या अनाथ मुलांविषयी तर मनपालट हा शब्द वापरायला मी धजणार नाही. त्यांनी काही निवडले नव्हते, त्यांच्यासाठी मोठ्यांनी निवडले. पण प्रौढांच्या बाबतीत हा आक्षेप अपुरा आहे. शेषाद्रींच्या भोवतीची मंडळी १८७६च्या दुष्काळाआधीच उभी राहिली होती. दुष्काळ दोन-तीन वर्षांत सरतो, शिधा बंद होतो. नुसते पोटच बोलले असते तर पाऊस पडताच ही माणसे गावच्या बलुत्याकडे परतली असती, आणि गावालाही ती हवीच होती. काही परतलीही असतील. पण जी राहिली त्यांची चौथी-पाचवी पिढी आज या जिल्ह्यांत रविवारी उपासनेला बसते. शिवाय भुकेल्याची निवड खोटी आणि पोट भरलेल्याची तेवढी खरी, हा निकष मला मान्यच नाही. ज्याच्या वाट्याला आयुष्यभर उष्टे आणि ओढून नेलेले मढे आले, त्याच्या पुढ्यात सन्मानाने ठेवलेली भाकर हीच शुभवर्तमानाची पहिली ओळख असू शकते. येशूनेही हजारो लोकांना गवतावर बसवून जेवू घातले, आणि त्याच्या कथा लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही ते लपवावेसे वाटले नाही.

गोऱ्यांच्या राज्याने लादलेला धर्म, हा तिसरा आक्षेप औरंगाबादला सर्वांत कमी लागू पडतो. इथे राज्य निजामाचे होते. औरंगाबाद आणि जालना इथल्या छावण्यांत इंग्रज अधिकाऱ्यांचा वावर होता, मिशनला त्यांचा आधारही वाटत असेल. परंतु जमीन देणारा दिवाण मुसलमान होता आणि ती घेणारा पाळक जन्माने ब्राह्मण. औरंगाबाद शहरात चर्च मिशनरी सोसायटीचे काम दीर्घकाळ ज्यांनी चालवले ते रेव्हरंड रतनजी नौरोजी पारशी होते. धर्म बदलला म्हणून वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क जाणार नाही, असे सांगणारा १८५०चा एकविसावा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. निजामाच्या राज्यात तो आपोआप चालत नव्हता. म्हणजे इथल्या नवख्रिस्ती माणसाच्या डोक्यावर पुणे-नगरच्या माणसाइतकेही छत्र नव्हते. सालार जंगांच्या मनात पडीक रान लागवडीखाली यावे हाही हिशेब असू शकेल. त्याने बेथेलच्या रहिवाशांच्या धाडसाला उणेपण येत नाही.

चौथ्या आक्षेपापुढे मात्र मला मान खाली घालावी लागते. ख्रिस्ती होऊन जात गेली का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या ख्रिस्ती धर्मांतरावर जे लिहिले ते मराठी ख्रिस्ती माणसाने बाजूला सारण्यासारखे नाही. मिशनांच्या शाळा आणि दवाखाने यांचे श्रेय त्यांनी दिले, पण धर्मांतरितांमधली जात चर्चने मोडली नाही आणि धर्मांतरित माणूस अन्यायाविरुद्ध लढायला उभा राहत नाही, असे दोन ठपके त्यांनी ठेवले. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. येवले हे वैजापूर तालुक्याच्या शेजारचे गाव, आणि त्याच वैजापूर-गंगापूरच्या पट्ट्यात फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे फादर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावाला येऊन राहिले होते. ख्रिस्ती मंडळ्या इतक्या जवळ होत्या. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी बुद्धाकडे गेले. औरंगाबादेत त्यांनी १९५०मध्ये मिलिंद महाविद्यालय उभे केले आणि त्याच्या नागसेनवन या परिसरात जी पिढी घडली तिने नवा जन्म निराळ्या शब्दांत सांगितला. यातून ख्रिस्ती प्रयोग फसला असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला मात्र यात माझ्या म्हणण्याला दुजोरा दिसतो. नागसेनवनानेही आधी जागा दिली, वसतिगृह दिले, शिक्षक दिले. बेथेल ८०० एकरांच्या आत पुरेसे होते. त्याबाहेर, जिथे ख्रिस्ती कुटुंब महारवाड्यातल्या जुन्याच घरात राहून रविवारी चर्चला जात राहिले, तिथे जुनी ओळख पुसली गेली नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यातली सोयरीकही कित्येक ठिकाणी अवघडच राहिली. चर्चने या गोष्टीवर जितके बोलायला हवे होते तितके ते बोललेले नाही, आणि याची खंत ख्रिस्ती मंडळीने उघडपणे बाळगायला हवी.

असे असूनही बदल झालाच नाही, हे म्हणणे पुराव्याला धरून नाही. अक्षर नसलेल्या घरात पुस्तक आले आणि ते रोज वाचले गेले. घरातल्या बाईने ते वाचणे हे धार्मिक कर्तव्य ठरले, आणि मुलीला शाळेत घालण्याचे कारण बापाला शोधावे लागले नाही. मिशनच्या प्रशिक्षणातून शिक्षक, परिचारिका आणि बायबल वाचून दाखवणाऱ्या बायका तयार झाल्या. बलुत्याऐवजी पगार ही कल्पना गावकुसाबाहेर प्रथम त्यांच्या हातून पोचली. श्रद्धेने आपली मराठी चालही सोडली नाही. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तन रुजले, नारायण वामन टिळकांनी भजन दिले, आणि टाळ-मृदंगावर येशूचे नाव घेणारी मंडळी गोदावरीच्या दोन्ही काठांवर दिसू लागली. ज्या हलगीच्या कामापासून मांगाला सुटायचे होते, त्याच्याच वंशातल्या हातांनी पुढे उपासनेत ढोलकी धरली. सक्तीने वाजवणे आणि आनंदाने वाजवणे यांतले अंतर ज्याने दोन्ही पाहिले त्यालाच कळेल.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने हा गुंता आणखी वाढवला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता, १९५६मध्ये तो शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती माणसाला अजून नाही. धर्मांतराने जात संपते, हे त्यामागचे गृहीत. २०२२मध्ये या प्रश्नाचा विचार करायला माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. जात संपते की नाही हे शोधायला फार लांब जावे लागणार नाही. संभाजीनगरच्या छावणी भागातल्या किंवा जालन्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांची नावे पाहावीत. पहिले नाव शमुवेल, याकोब, रूथ किंवा मार्था. आडनाव साळवे, गायकवाड, पगारे. पहिले नाव बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकाने पाणी शिंपडून मोठ्याने उच्चारले होते. आडनाव गावाच्या कागदांतून आले, आणि भाड्याने खोली मागायला गेल्यावर घरमालक आधी तेच विचारतो.