तासाची सायकल

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. नाकाडोंगरीच्या रस्त्यावर, रविवारी सकाळी सातच्या सुमारास, मी जीव खाऊन सायकल मारत होतो. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, थंडीने बोटं बधिर. रस्त्याच्या कडेला शेकोटीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं, "बाकीचे कुठं राहिले जी?"

उत्तर द्यायला दम नव्हता, म्हणून नुसता हात हलवला. पण त्या प्रश्नाने पुढे कितीतरी दिवस पिच्छा सोडला नाही. शर्यत म्हटली की बाकीचे पाहिजेत ना? कोणी पुढे, कोणी मागे, रेटारेटी, शेवटी दोरी. आमच्या शर्यतीत तसलं काहीच नव्हतं. दर मिनिटाला एक जण सुटणार, एकटाच जाणार, एकटाच परत येणार, आणि कोणाला किती वेळ लागला ते वहीत लिहिलं जाणार. या प्रकाराला इंग्रजीत टाइम ट्रायल म्हणतात. मी आपलं घरी सांगताना "घड्याळाशी शर्यत" असं सांगितलं. त्यावर सौ. म्हणाल्या, "ती तर तुम्ही रोज ऑफिसला जाताना हरता." असो.

आमचा नऊ हौशी सायकलवाल्यांचा गट आहे. भंडारा, तुमसर, गोंदिया असे विखुरलेले. नाव नाही, नोंदणी नाही. त्यातल्या एकाच्या डोक्यात आलं की एकदा नीट वेळ लावून सायकल चालवून बघू. नाकाडोंगरी तुमसर तालुक्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ. एकीकडे जंगल, एकीकडे डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीजच्या खाणी, मधे धानाची शेतं. रविवारी पहाटे ट्रक कमी. गावातून गोबरवाहीच्या दिशेने 8 किलोमीटर जायचं, तिथे एक मित्र मफलर गुंडाळून उभा असेल, त्याला वळसा घालून परत यायचं. एकूण 16 किलोमीटर. नंतर वाचताना कळलं की हे अंतर म्हणजे जवळजवळ दहा मैल, आणि इंग्लंडातल्या हौशी सायकलवाल्यांचं ते पिढ्यान् पिढ्यांचं आवडतं अंतर. आम्ही आपलं चहाची टपरी जवळ पडावी म्हणून ठरवलं होतं!

हे वाचन शर्यतीच्या आधी केलं असतं तर बरं झालं असतं, कारण या प्रकाराचा इतिहास मोठा मजेदार आहे. घड्याळाशी शर्यत मुळात कोणाला हवी म्हणून सुरू झाली नाही. बाकीच्यांबरोबर पळायची सोय राहिली नाही, म्हणून झाली.

साल 1894. इंग्लंडात नॉर्थ रोड नावाच्या क्लबची 50 मैलांची शर्यत चालू होती. पुढच्या टोळक्यात फ्रेडरिक बिडलेक नावाचा गडी होता, तीनचाकी सायकलवरचा नामांकित विक्रमवीर. वाटेत हे टोळकं एका बाईंच्या घोडागाडीला ओलांडायला गेलं, घोडं बुजलं आणि सायकलवाले एकमेकांवर कोसळले. बाईंनी पोलिसांकडे तक्रार केली. रस्त्यावरच्या शर्यतींना तेव्हा कायद्याचा आधार नव्हताच. सायकलवाले आधीच लोकांच्या डोळ्यात खुपत होते. सायकल संघटनेला भीती वाटली की या शर्यतींपायी उद्या सायकलवरच बंदी यायची. मग तिनेच रस्त्यावरच्या शर्यती बंद केल्या.

त्यावर बिडलेकने काढलेली पळवाट अशी: सगळ्यांना एकदम सोडायचंच नाही. एकेकाला थोड्या थोड्या वेळाने सोडायचं. बघणाऱ्याला काय दिसणार? एक माणूस सायकलवरून चालला आहे, जरा घाईत आहे, एवढंच. 5 ऑक्टोबर 1895 ला त्याच क्लबने अशी पहिली 50 मैलांची शर्यत भरवली.

पुढची कित्येक दशकं हे लोक जवळजवळ चोरासारखे शर्यती करत राहिले. पहाटे, गाव उठायच्या आत सुरुवात. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे, म्हणजे कोणाचं लक्ष जायला नको. कागदपत्रांवर "खाजगी आणि गोपनीय" असा शिक्का. मार्गाचं नाव उघड लिहायचं नाही; त्याला अक्षर आणि आकडा मिळून सांकेतिक नाव. 1937 साली त्यांच्या देशपातळीवरच्या संस्थेला "रोड टाइम ट्रायल्स कौन्सिल" हे नाव मिळालं, पण लपूनछपून वागण्याची सवय मोडली नाही. 1942 मध्ये पर्सी स्टॅलर्डने लँगॉलनहून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत सगळ्यांना एकत्र सोडून शर्यत घेतली, तर त्याला संघटनेने निलंबित केलं! पळवाट म्हणून निघालेली वाटच हमरस्ता झाली होती.

इंग्लंडबाहेर मात्र हे सगळं उजळ माथ्याने चालू होतं. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरची सायकल शर्यत अशीच एकेकट्याची होती, मेलारेन तळ्याला वळसा घालून 300 किलोमीटरहून लांब. पहिला गडी रात्री दोन वाजता सुटला. जिंकला तो दक्षिण आफ्रिकेचा रुडॉल्फ लुइस, त्याला पावणेअकरा तास लागले. 1934 मध्ये तूर द फ्रान्समध्ये पहिल्यांदा एकेकट्याचा टप्पा आला, ला रोश-सुर-योन ते नांत, आणि अंतोनां मान्यने तो जिंकला. फ्रेंच लोक या प्रकाराला "सत्याची शर्यत" म्हणतात. कारण साधं आहे. सायकलवाल्याचा खरा वैरी वारा. सपाटीवर वेग तिशीच्या पुढे गेला की तुमची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते, आणि वेग थोडा वाढवायचा तर ताकद कितीतरी जास्त लागते. दुसऱ्याच्या मागे चिकटून गेलं की पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. घोळक्यात म्हणूनच हुशारी चालते, लबाडीही चालते. एकट्याला मात्र आडोसा नाही. आडोसा घेतला तर शर्यतीतून बाद, हाच यातला मुख्य नियम.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं साहेबाचं आणि फ्रेंचांचं, आपला याच्याशी काय संबंध? आपल्याकडे शर्यत म्हणजे मुंबई-पुणे, सगळे एकत्र, आणि बोरघाटात पहिला तो घाटांचा राजा. मलाही तसंच वाटत होतं. पण विचार करता करता लक्षात आलं की घड्याळाशी शर्यत तुम्ही आम्ही सगळ्यांनीच लहानपणी केली आहे. तासाची सायकल आठवते का?

मी तुमसरला चौथीत असेन, म्हणजे 1981 च्या आसपास. बाजाराकडच्या एका दुकानात भाड्याने सायकली मिळत. तासाला पन्नास पैसे. भिंतीवर मोठं घड्याळ आणि दोरीला बांधलेली वही. वहीत नाव, सायकलचा नंबर, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. दर दोन-चार मिनिटांनी एक पोरगं सुटायचं आणि ज्याचं त्याचं तास संपायच्या आत परत यायचं. सांगा बरं, बिडलेकने याहून वेगळं काय केलं होतं? आणि जगात ज्याला "तासाचा विक्रम" म्हणतात, तोही दुसरं काय आहे? एका तासात किती अंतर जातोस, सांग. 1893 मध्ये पॅरिसला आंरी देग्रांज 35.325 किलोमीटर गेला. (याच माणसाने पुढे 1903 मध्ये तूर द फ्रान्स सुरू केली.) 1972 मध्ये मेक्सिको सिटीत एडी मर्क्स 49.431 गेला. 2022 मध्ये फिलिपो गन्ना 56.792. आम्ही कैची मारत स्टेशनपर्यंत जाऊन यायचो. तास तोच!

एकदा मला उशीर झाला. चांगला पंधरा मिनिटं. मित्राबरोबर भटकत बसलो होतो. खिशात पन्नास पैशाचं एकच नाणं. दुकानात शिरता शिरता मी सांगून टाकलं, "काका, चेन पडली होती." काकांनी माझ्या हातांकडे पाहिलं. चेन बसवलेल्या पोराचे हात काळे असतात. माझे स्वच्छ होते. ते काही बोलले नाहीत. वहीत वेळेवर आल्याचं लिहिलं आणि नाणं गल्ल्यात टाकलं. मी सुटलो म्हणून खूश. घरी येऊन दादाला फुशारकीने सांगितलं. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्याने दुकानात जाऊन उरलेल्या पंधरा मिनिटांचे पैसे दिले. मला हे कितीतरी वर्षांनी कळलं, तेही त्याच्याकडून नाही, काकांकडून.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे तो डिसेंबरातला रविवार.

माझा नंबर सहावा. सुरुवातीला एक जण मागून सीट धरून उभा राहतो, तुमचे दोन्ही पाय पॅडलवर. सायकल शिकताना दादा कॅरिअर धरायचा, अगदी तसंच. तीन, दोन, एक, आणि हात सुटला. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये मी सगळे नवशिके करतात तीच चूक केली, म्हणजे फार जोरात गेलो. तिसऱ्या किलोमीटरला मांड्या पेटल्या. धुकं, धानाच्या कापलेल्या शेतांचा वास, आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज. बाकी काही नाही. घोळक्यात दमलं की दुसऱ्याकडे बघून धीर येतो. इथे बघायला कोणी नाही. आपण थोडं ढिलं सोडलं तर कळणारही नाही कोणाला, फक्त आपल्याला कळणार. बाबांचा तो प्रश्न याच सुमाराला आला.

मफलरवाल्या मित्राला वळसा घालून परत निघालो तर समोरून वारा. साधारण तीन किलोमीटर उरले असताना एका पांदणीतून ट्रॅक्टर रस्त्यावर आला, मागे रिकामी ट्रॉली. माझ्या पुढेच. मी काही ठरवलं वगैरे नाही. पाय आपोआप जोरात फिरले आणि मी ट्रॉलीच्या मागे चिकटलो. काय सांगू तुम्हाला! वारा बंद. आवाज बंद. कोणीतरी पाठीवरून पोतं उतरवून घ्यावं तसं झालं. काटा 28 वरून 34 वर. जवळजवळ एक किलोमीटर मी तसा गेलो. मग ट्रॅक्टर शेतात वळला आणि वारा पुन्हा तोंडावर आला.

पोचलो तेव्हा वेळ लागली 33 मिनिटं 40 सेकंद. सगळ्यांची बेरीज-वजाबाकी झाल्यावर मी चौथा. पाचव्या नंबरवर गोंदियाच्या एक शिक्षिका, माझ्यापेक्षा 9 सेकंदांनी मागे. बक्षीस काही नव्हतं. चहा आणि आलूबोंडा सगळ्यांना सारखाच. पण चहा पिताना मी मनातल्या मनात हिशेब केला. 28 च्या वेगाने त्या किलोमीटरला दोन मिनिटं आठ-नऊ सेकंद लागले असते, 34 ने पावणेदोन मिनिटं. म्हणजे वीस-बावीस सेकंद ट्रॅक्टरचे. माझे नव्हते.

नऊ सेकंद म्हणजे काय मोठंसं? 1989 ची तूर द फ्रान्स ग्रेग लेमाँडने फक्त 8 सेकंदांनी जिंकली. शेवटच्या दिवशी, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतच्या 24.5 किलोमीटरच्या घड्याळाशी शर्यतीत तो लोराँ फिन्योंच्या 50 सेकंद मागे होता आणि 58 सेकंद कमवून गेला. तीन आठवड्यांची मेहनत, आणि निकाल आठ सेकंदांचा.

आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ. 2017 मध्ये ते रेस ॲक्रॉस अमेरिका एकट्याने पुरी करून आले, 11 दिवस 21 तास 11 मिनिटांत. त्याच वर्षी लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ त्यांच्या थोडे आधी पोचले होते, 11 दिवस 18 तास 45 मिनिटांत. समुद्रापासून समुद्रापर्यंत सुमारे 4800 किलोमीटर, मुदत 12 दिवस. तिथेही दुसऱ्याच्या आडोशाने जायला मनाई. अर्धवट झोपेत, वाळवंटातल्या वाऱ्यात माणसं हा नियम पाळतात. मला नाकाडोंगरीच्या रस्त्यावर एक किलोमीटर पाळता आला नाही.

वही मिटायच्या आत मी मित्राला सांगितलं. तो आधी हसला. "अरे, कोणी पाहिलं का? जाऊ दे ना!" मी म्हटलं, "लिही." त्याने माझ्या वेळेवर रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, "ट्रॅक्टर". सगळे खो खो हसले, मीही हसलो. शिक्षिकाबाई चौथ्या झाल्या. फार मोठं काही केलं अशातला भाग नाही. खरं तर आधी चूक केली होती ती निस्तरली, इतकंच.

संध्याकाळी दादाला फोन केला. तो हल्ली सायकल चालवत नाही, गुडघे गेलेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग? चेन पडली असं नाही सांगितलंस?"

चाळीसेक वर्षांत त्याने तो विषय पहिल्यांदाच काढला होता. मला पटकन काही बोलता आलं नाही. मग तो गुडघ्याच्या औषधाचं सांगत बसला, आणि मी ऐकत बसलो.

बाबांना उत्तर द्यायचं राहिलंच. पुढच्या डिसेंबरात पुन्हा जायचं ठरलं आहे. शेकोटीपाशी ते दिसले, तर या वेळी थांबून सांगेन.