जपानमधील परकीय कंपन्या आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

परदेशी भांडवलावर चालणाऱ्या कंपन्यांना जपानमध्ये ‘गाइशिकेइ’ म्हणतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचा (एआय) वापर वाढू लागल्यावर अशा कंपन्यांना तेथे येणाऱ्या कायदेविषयक, व्यवस्थापनविषयक आणि मनुष्यबळाच्या अडचणींची ही नोंद आहे. इतर श्रीमंत देशांच्या तुलनेत थेट परकीय गुंतवणुकीचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण जपानमध्ये फार कमी आहे. २०२३ अखेर अशा गुंतवणुकीचा एकूण साठा सुमारे ५० लाख कोटी येन होता. तो २०३० पर्यंत १०० लाख कोटींवर नेण्याचे उद्दिष्ट सरकारने २०२३ मध्ये ठेवले होते.

२०२४ च्या पहिल्या चार महिन्यांत अमेरिकी कंपन्यांच्या घोषणांची रीघ लागली. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने २०२७ पर्यंत २ लाख २६ हजार कोटी येन, मायक्रोसॉफ्टने दोन वर्षांत २९० कोटी डॉलर आणि ओरॅकलने दहा वर्षांत ८०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जपानमधील क्लाउड व डेटा सेंटरांत घालण्याचे जाहीर केले. ओपनएआयने आशियातील आपले पहिले कार्यालय एप्रिलमध्ये टोकियोत उघडले.

एआयपुरते पाहिले तर जपानचा कायदा उदार आहे. मे २०२५ मध्ये संसदेने एआयला चालना देणारा कायदा संमत केला. त्यानुसार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली धोरण मुख्यालय स्थापन झाले; दंडाची तरतूद मात्र कायद्यात नाही. त्याआधी २०१८ मध्ये दुरुस्त झालेल्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ३०-४ ने संगणकी विश्लेषणासाठी इतरांचे लेखन वा चित्रे वापरण्याची मुभा दिली होती, हक्कधारकाचे अवाजवी नुकसान होऊ नये एवढ्या अटीवर. ही अट किती ताणता येते, हे आता न्यायालयात ठरेल. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘योमिउरी’ने आणि त्याच महिन्यात ‘असाही’ व ‘निक्केई’ या दैनिकांनी पर्प्लेक्सिटी या अमेरिकी कंपनीवर टोकियो जिल्हा न्यायालयात दावे लावले. उत्तरे तयार करण्यासाठी आपले लेख विनापरवाना वापरले, अशी त्यांची तक्रार आहे.

कंपन्या अडखळतात त्या बहुधा जुन्या कायद्यांत. जपानमध्ये सातत्याने व्यवसाय करणाऱ्या परकीय कंपनीने तेथे प्रतिनिधी नेमून नोंदणी केली पाहिजे, हा नियम कंपनी कायद्यात पूर्वीपासून होता. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या तो पाळत नव्हत्या आणि सरकारही गप्प होते. २०२२ मध्ये सरकारने ४८ कंपन्यांना नोंदणीची सूचना केली, तेव्हा गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट यांनी ती केली. जून २०२३ मध्ये व्यक्तिगत माहिती संरक्षण आयोगाने ओपनएआयला संवेदनशील माहितीबाबत ताकीद दिली. परकीय चलन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय सुरक्षेशी निगडित क्षेत्रांतील शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीचे शेअर घेण्याआधी पूर्वसूचना देण्याची मर्यादा १० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणली. सॉफ्टवेअर आणि माहितीसेवाही या क्षेत्रांत मोडतात.

सर्वांत अवघड प्रश्न नोकरीचा आहे. एआयमुळे एखादे काम उरले नाही, म्हणून ते करणाऱ्या माणसाला घरी पाठवणे अमेरिकेत सोपे असेल; जपानमध्ये ते फारसे टिकत नाही. २००७ च्या श्रमकरार कायद्याचे कलम १६ सबळ कारणाविना केलेली बडतर्फी रद्दबातल ठरवते. आर्थिक कारणाने कपात करायची तर न्यायालये चार गोष्टी तपासतात: कपातीची खरी गरज, ती टाळण्याचे प्रयत्न, माणसे निवडण्याचा रास्त निकष आणि कामगारांशी केलेली चर्चा. ‘काम असमाधानकारक’ हे कारणही सहज पचत नाही. ब्लूमबर्गने कामगिरीच्या मुद्द्यावर काढलेल्या एका पत्रकाराची बडतर्फी टोकियो जिल्हा न्यायालयाने २०१२ मध्ये आणि उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अवैध ठरवली. मुख्यालयाने आखलेली कामगिरी सुधारणा योजना जपानी न्यायाधीशासमोर जशीच्या तशी चालत नाही, हा धडा तेथील परकीय कंपन्यांनी त्यातून घेतला. म्हणून प्रत्यक्षात वाढीव रक्कम देऊन राजीनाम्यासाठी मन वळवण्याचा मार्ग जास्त वापरला जातो. त्याला वेळ लागतो आणि पैसाही.

या संदर्भात आयबीएम जपानचे प्रकरण मुद्दाम अभ्यासण्यासारखे आहे. ही कंपनी नवखी नव्हे. जपानमध्ये तिची स्थापना १९३७ मध्ये झाली. २०१९ मध्ये तिने पगारवाढ ठरवताना व्यवस्थापकांच्या मदतीला वॉटसन ही स्वतःचीच एआय प्रणाली आणली. प्रणाली कोणती माहिती पाहते आणि व्यवस्थापकाला काय सुचवते, हे कामगार संघटनेने विचारले. ही माहिती कर्मचाऱ्यांना दाखवण्यासाठी नाही, अशी कंपनीची भूमिका होती. एप्रिल २०२० मध्ये संघटना टोकियोच्या कामगार आयोगाकडे गेली. चार वर्षांहून अधिक काळानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये तडजोड झाली आणि प्रणाली विचारात घेत असलेल्या सर्व ४० बाबी संघटनेला कळवण्याचे कंपनीने मान्य केले. एआयविषयीचा एकही कायदा येथे लागला नाही. संघटनेशी प्रामाणिकपणे वाटाघाटी करण्याचे मालकावरचे जुने बंधन पुरेसे ठरले.

जपानी ग्राहकांना एआय विकणेही सोपे नाही. अंतर्गत व्यवहार मंत्रालयाच्या २०२४ च्या श्वेतपत्रिकेनुसार जनरेटिव्ह एआय वापरलेल्या व्यक्तींचे प्रमाण जपानमध्ये ९.१ टक्के, अमेरिकेत ४६.३ आणि चीनमध्ये ५६.३ टक्के होते. पुढच्या वर्षी जपानचा आकडा २६.७ वर गेला, तरी अंतर कायम राहिले. याला लोकांचे भित्रेपण म्हणून मोकळे होणे चूक आहे. जपानमधील बहुतांश संगणक अभियंते वापरकर्त्या कंपन्यांत नसून त्यांना प्रणाली बांधून देणाऱ्या कंत्राटदार कंपन्यांत काम करतात. त्यामुळे बँकेला वा कारखान्याला थेट गाठून विक्री होत नाही. मधला कंत्राटदार पटवावा लागतो. शिवाय खालून वर फिरणारा ‘रिंगी’ हा मंजुरीचा कागद आणि बैठकीआधी खासगीत सहमती जमवण्याची ‘नेमावाशी’ यांत महिने जातात, आणि तेवढ्यात एआय मॉडेलची नवी आवृत्तीही येते. स्थानिक भागीदार घेण्याकडे कल आहे तो यामुळेच. ओपनएआयने २०२५ मध्ये सॉफ्टबँकेसह संयुक्त कंपनीची घोषणा केली. जपानमध्ये उतरून परतलेल्या इतर क्षेत्रांतील कंपन्यांची यादीही मोठी आहे: ईबे (२००२), कारफूर (२००५), व्होडाफोन (२००६).

मनुष्यबळाची टंचाई सर्वांनाच भोवते. २०३० पर्यंत माहिती तंत्रज्ञानात ७ लाख ९० हजारांपर्यंत माणसे कमी पडतील, असा अर्थव्यवस्था, व्यापार व उद्योग मंत्रालयाचा २०१९ चा अंदाज होता. ही पोकळी भरणाऱ्यांत भारतीय कंपन्या आहेत. टीसीएसने २०१४ मध्ये मित्सुबिशी कॉर्पोरेशनबरोबर संयुक्त कंपनी उभारली. पुण्याच्या केपीआयटीने २०२३ मध्ये होंडाशी वाहनांच्या सॉफ्टवेअरसाठी भागीदारी केली. जपानी शिकणाऱ्यांची पुण्यातील जुनी परंपरा येथे उपयोगी पडते, कारण ग्राहकाशी बोलणे आणि कागदपत्रे जपानीतच असतात.

व्हिसा धोरण मात्र दोन तोंडांनी बोलते. एप्रिल २०२३ पासून वर्षाला २ कोटी येन कमावणाऱ्या उच्चशिक्षित वा अनुभवी तज्ज्ञांसाठी ‘जे-स्किप’ ही सवलतीची योजना आहे. दुसरीकडे, छोट्या परदेशी उद्योजकांचा मार्ग अरुंद झाला आहे. व्यवसाय-व्यवस्थापक व्हिसासाठी लागणारे किमान भांडवल १६ ऑक्टोबर २०२५ पासून ५० लाख येनवरून ३ कोटी येन झाले, आणि एक पूर्णवेळ कर्मचारी नेमणे सक्तीचे झाले. आधीपासून हा व्हिसा असलेल्यांना नव्या अटींसाठी तीन वर्षांची मुदत देण्यात आली आहे.