एम्पायर: टोटल वॉर
'एम्पायर: टोटल वॉर' हा ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने घडवलेला व सेगाने मार्च २००९ मध्ये प्रकाशित केलेला युद्धनीतीचा संगणकीय खेळ आहे. त्यात मराठ्यांची सत्ताही निवडता येते. खेळाचा आरंभ इ.स. १७०० चा, रायगड त्यापूर्वीच, १६८९ मध्ये, मुघलांकडे गेला होता.

मालिकेत प्रथमच आलेल्या त्रिमितीय आरमारी लढायांतील पाणी, शिडे व धूर रेखाटण्याचा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. हजारो सैनिकांच्या हालचालींचे गणित मात्र प्रोसेसर करतो. त्यामुळे मोठ्या भूलढाईत, विशेषतः कमी रेझोल्यूशनवर, महागड्या व मध्यम कार्डांतील फरक जवळजवळ मावळतो. तुलनेसाठी प्रोसेसर, रेझोल्यूशन व लढाई एकच ठेवावी लागते. प्रतिसेकंद चौकटींच्या सरासरीपेक्षा तोफांचा धूर दाटल्यावरचा नीचांक अधिक बोलका असतो. नकाशावर प्रतिपक्षांच्या खेळ्यांना लागणारा वेळ तर कार्ड बदलून कमी होत नाही.